शेवटची तीन प्रकरणं

"बाई, ह्यात सगळ्यात जाड पुस्तक कुठलं हाय?"

सुगंधानं हे विचारलं तेव्हा मी पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावत होते. एक वाजायला आला होता. बाकीच्या बायका ताटं घ्यायला गेल्या होत्या आणि ही एकटीच सतरंजीवर बसून राहिली होती. मांडीवर मोहू, तिची मुलगी. आईच्या पदराला गाठ मारायची आणि सोडायची, असा तिचा उद्योग चालला होता.

"जाड कशाला हवंय? तू आत्ता कुठं जोडाक्षरं वाचायला लागलीस."

"मला न्हाई. हिला वाचून दाखवायचंय."

"मग चित्रांचं देते एखादं."

"नको. जाडच द्या. अठ्ठावीस डिसेंबरपातुर पुरलं पाहिजे."

मी लावलेलं कुलूप परत काढलं.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी एका जिल्हा कारागृहाच्या महिला विभागात शिकवायला जात होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी अकरा ते एक. एका मोठ्या खोलीत सोळा-सतरा बायका, एक फळा आणि हे कपाट. गावातल्या एका बंद पडलेल्या वाचनालयानं दिलेली शंभरेक पुस्तकं त्यात होती. बहुतेकांची वेष्टनं फाटलेली, पहिली पानं गेलेली. त्यामुळे नावानं पुस्तक कुणी मागत नसे. गुलाबी पुस्तक, यानाचं पुस्तक, घुबडाचं पुस्तक, अशी बायकांनीच नावं ठेवली होती.

काय वाचावं ते सांगणं हे माझं तिथलं सगळ्यात आवडीचं काम. खरं तर लहानपणापासूनचं. प्रेमकथा, विज्ञानकथा, अद्भुत कादंबऱ्या, हे माझं खाद्य. चांगल्या घरातल्या मुलींनी वाचू नये असं म्हणतात ते सगळं मी वाचलेलं होतं, आणि ते दुसऱ्याच्या गळी उतरवल्याशिवाय मला चैन पडत नसे. बाहेर त्यासाठी माणसं शोधावी लागत. इथे सोळा-सतरा बायका समोर बसलेल्या, आणि त्यांना दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं.

पण त्यांची एक अट असे. ती पहिल्यांदा घातली हौसाक्कानं. हौसाक्का जन्मठेपेची, सत्तरीला टेकलेली. अक्षर ओळखायला शिकली आणि थेट प्रेमकथांवर आली. पुस्तक हातात घेण्याआधी विचारायची, "शेवटाला लगीन होतंय का? होत असंल तरच द्या."

मी सांगायची, होतं. मग ती पुस्तक उराशी धरून जायची.

एकदा मी हौसेनं तिला यानाचं पुस्तक दिलं. माझ्या फार आवडीची विज्ञानकथा. एक शास्त्रज्ञ दूरच्या ताऱ्याकडे जातो, त्याच्यासाठी वर्षभरच जातं, आणि परत येतो तर त्याची मुलगी त्याच्याहून म्हातारी झालेली. हौसाक्कानं पाचव्या दिवशी ते परत आणून ठेवलं. म्हणाली, "ह्यात काय नवीन हाय, बाई? म्या सुटून जाईन तवा माझी लेक बी माझ्याएवढीच झालेली असणार. त्याला याना-बिनाची काय गरज?"

त्या दिवसापासून मी शेवट सांगूनच पुस्तक द्यायला लागले. गोड असला तर गोड म्हणून सांगायचं, नसला तर ते पुस्तक मागच्या रांगेत सरकवून द्यायचं.

सुगंधाला आत येऊन दोन वर्षं झाली होती. तिची धाकटी जाऊ जळून गेली आणि घरातल्या सगळ्यांवर खटला झाला. नवरा आणि सासू-सासरे पकडले गेले, तशी हीही. नवरा भिंतीपलीकडे पुरुषांच्या बाजूला होता. मोहूला ठेवायला बाहेर कुणी नव्हतं. भाऊ होता, तो एकदाच येऊन "माझ्या बायकोला चालणार नाही" एवढं सांगून गेला. म्हणून चार वर्षांची मोहू आईबरोबर आत आली. तिथल्या नियमाप्रमाणे मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. मोहूला अठ्ठावीस डिसेंबरला सहा पुरी होणार होती. मग तिची रवानगी दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात व्हायची होती, दीडशे किलोमीटर लांब.

हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं इतकंच.

मी खालच्या फळीवरचं घुबडाचं पुस्तक काढलं. एक अद्भुत कादंबरी होती ती, चारशेच्या वर पानं. मुखपृष्ठावर डोंगर आणि त्यावर एक मोठं घुबड. एका गावातला उजेड हरवतो आणि तिथली एक लहान मुलगी तो परत आणायला सात डोंगर ओलांडून निघते, अशी गोष्ट. अनुक्रमणिकेचं पान शाबूत होतं. सुगंधानं त्यावर बोट ठेवून मोजलं. एकेचाळीस प्रकरणं.

मग ती बोटांवर दिवस मोजायला लागली. तोंडातल्या तोंडात पुटपुटत, तीनदा चुकून. तो दिवस सतरा नोव्हेंबरचा होता.

"सत्तावीस डिसेंबरपातुर एकेचाळीस दीस हुतात, बाई."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजून पाहिलं. बरोबर होतं. रोज एक प्रकरण.

"शेवट कसा हाय?" तिनं विचारलं.

"गोड आहे," मी म्हणाले.

आता सांगून टाकते. मी ती कादंबरी पुरी वाचलेली नव्हती. कॉलेजात असताना अर्ध्याच्या वर वाचली, मग परीक्षा आली, वाचनालयाची तारीख उलटून गेली आणि परत द्यावी लागली. पण आवडलेली इतकी होती की ज्याला-त्याला वाच म्हणून सांगायची, आणि शेवट विचारला की गोड आहे म्हणायची. उजेड आणायला निघालेल्या मुलीच्या गोष्टीचा दुसरा कसला शेवट असणार?

रोज चार वाजता वाचन व्हायचं. साडेपाचला बराकी बंद होत, त्याच्या आधी. मी त्या वेळी तिथे नसे, पण महिला रक्षक काळुंखेबाई मला सगळं सांगत. पहिल्या दिवशी दोघीच होत्या. आठवडाभरात सगळी बराक पिंपळाच्या पाराभोवती गोळा व्हायला लागली. सुगंधा बोट ठेवून, अडखळत वाचायची. मोहू अनुक्रमणिकेचं पान उघडून झालेल्या प्रकरणावर पेन्सिलीनं फुली मारायची. फुली तिनंच मारायची, दुसऱ्या कुणी मारली तर रडून गोंधळ.

एका शुक्रवारी मी वर्गात शिरले तर मोहूनं माझा हात धरला.

"बाई, घुबड खरं बोलतंय का लबाड हाय?"

"तुला काय वाटतं?"

"खरं बोलतंय. पण त्याला समदं ठाऊक न्हाई."

सुगंधा मागून हसली. हसताना ती तोंडावर पदर घ्यायची.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुस्तकाची शिवण उसवली. इतक्या हातांत गेलेलं, इतक्या वर्षांचं. पानं सुटायला लागली. बारा तारखेच्या शुक्रवारी मी म्हटलं, घरी नेते आणि शिवून आणते.

"सोमवारी नक्की आणाल?" सुगंधानं विचारलं.

"नक्की. तीन दिवस बुडतील ते एकदम वाचून काढा."

रविवारी दुपारी दाभण, दोरा आणि खळीची वाटी घेऊन बसले. पानं लावता लावता शेवटच्या पानांवर नजर गेली, आणि वीस वर्षांपूर्वी राहिलेलं मी बसल्या बसल्या वाचून काढलं.

अडतिसाव्या प्रकरणात मुलीला उजेड सापडतो. तिथपर्यंत सगळं मला वाटलं होतं तसंच. एकोणचाळिसाव्यात परतीच्या वाटेवर एक नावाडी भेटतो. पलीकडे नेण्यासाठी तो एक नाव मागतो. मुलीजवळ देण्यासारखं एकच नाव असतं, आईचं. ती ते देते. एकेचाळिसाव्यात ती गावात येते, घराघरात उजेड होतो, आणि विहिरीवर तिची आई उभी असते. मुलगी तिला ओळखत नाही. पाणी मागते. आई पाणी देते. मुलगी पुढे निघून जाते. संपलं.

सत्तावीस डिसेंबरला, मोहूला न्यायच्या आदल्या दिवशी, सुगंधा सगळ्या बराकीसमोर बोट ठेवून हे वाचणार होती. माझ्या सांगण्यावरून.

दुसरं काय करता आलं असतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. सुगंधाला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. वाचू नकोस म्हणता आलं असतं. पण मग "गोड आहे" म्हणाले होते त्याचं काय? मला त्या दुपारी एकच सुचलं. शेवटची तीन प्रकरणं मी धरली आणि ओढून काढली. अकरा पानं. अडतिसावं नेमकं पानाच्या शेवटी संपत होतं. उजेड सापडला, मुलगी हसली, पूर्णविराम. उरलेलं पुस्तक नीट शिवलं, पुठ्ठ्याला खळ लावली, वर वरवंटा ठेवला. फाडलेली पानं बंबात टाकली. त्याच पाण्यानं संध्याकाळी अंघोळ केली.

सोमवारी पुस्तक परत दिलं. सुगंधानं ते डोळ्याला लावलं.

"नव्यासारखं केलंत की, बाई."

बुधवारी, सतरा तारखेला, मी वर्ग नुकता सुरू केला होता. काळुंखेबाई दारात आल्या आणि आत न येता तिथेच उभ्या राहिल्या.

"सुगंधा, साहेबांनी बोलावलंय. पोरीला घेऊन."

ती गेली आणि दहा मिनिटांत परत आली. जागेवर बसली. पाटीवर अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं, मग म्हणाली, "उद्या नेणार म्हणं."

"उद्या कसं? अजून दहा दिवस आहेत!"

"उद्याच. दहा वाजता."

मी तशीच उठून ऑफिसात गेले. तुरुंगाधिकारी बनसोडे साहेब वाईट माणूस नव्हते. मला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"मॅडम, मलाही कळतं हो. पण गाडी उद्या मिळतेय. महिला पोलीस उद्या आहे. बालगृहात जागा उद्या रिकामी आहे, पुढच्या आठवड्यात ती भरली तर पोरगी कुठं ठेवू? नाताळच्या सुट्ट्या मध्ये आहेत. बालकल्याण मंडळाचा आदेश आलाय."

"पण सहा पूर्ण झालेली नाहीत. नियमानं दहा दिवस तिचे आहेत."

"नियमानं आहेत. अर्ज करा. अर्जावर निर्णय यायला पंधरा दिवस लागतात."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. चेष्टेनं नव्हे, खरोखरीच. मी तो घेतला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

"निदान आज मला दिवसभर इथं थांबू द्या," मी म्हणाले.

"थांबा ना," ते म्हणाले. "तेवढं माझ्या हातात आहे."

परत आले तर वर्ग मोडलेला होता. सगळ्या बायका पाराभोवती बसल्या होत्या, आणि सुगंधा एकतिसावं प्रकरण उघडून बसली होती.

"अकरा ऱ्हायलीत," ती म्हणाली. "आज समदी वाचते."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण मोहू माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, बसा की. मग ऐकू येत न्हाई म्हणाल." मी बसले.

ती वाचत राहिली. जेवण आलं तेव्हा हौसाक्कानं मोहूला भरवलं आणि सुगंधानं वाचता वाचता दोन घास घेतले. तेहतिसावं झालं, चौतिसावं झालं. फुल्या पडत गेल्या. तिचा घसा बसला, आवाज फाटला. मी म्हटलं, "मी वाचू का थोडं?" तिनं मान हलवली. मला तिचं वाचणं आठवतंय. दोन महिन्यांपूर्वी ज्या शब्दांवर ती पाच-पाच मिनिटं अडायची ते आता सरळ येत होते. मी शिकवलेली बाई असं वाचतेय याचा मला एखाद्या दिवशी अभिमान वाटला असता. त्या दिवशी मी फक्त हाताखालची पानं कमी होताना बघत होते.

पाच वाजून दहा मिनिटांनी अडतिसावं संपलं. उजेड सापडला, मुलगी हसली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुगंधानं पान उलटलं. पुढे पुठ्ठा होता.

तिनं पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

"संपलं!" मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "बघा, गोड शेवट आहे म्हटलं होतं ना?"

मोहूनं अडतिसाव्यावर फुली मारली आणि पेन्सिल खाली सरकवली.

"अजून तीन हायेत."

"काय?"

"हितं बघा. एक, दोन, तीन. ह्याला फुली न्हाई." तिनं अनुक्रमणिकेचं पान माझ्यासमोर धरलं. ते पान मी विसरले होते. महिनाभर ही पोर रोज ते पान उघडत होती, आणि मी साफ विसरले होते.

मग तिनं पुस्तक आईच्या हातातून घेतलं, शेवट उघडला आणि पुठ्ठ्याजवळ बोट खुपसलं. दोऱ्याच्या आत अडकलेल्या फाटक्या कडा वर आल्या.

"आये, पानं कुणी फाडली?"

हौसाक्कानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

"मोहू, हिकडं ये," सुगंधा म्हणाली. तिनं पोरीला जवळ ओढलं. "पुढचं म्या सांगते तुला. ती पोरगी नदीवर येती. तितं एक नावाडी असतोय..."

"पुस्तकात कुठंय?"

"व्हतं पुस्तकात. म्या सांगते की."

"तू मनाचं सांगतीस."

"मनाचं न्हाई गं, राणी. ऐक तरी. तो नावाडी म्हणतोय..."

"न्हाई! तू मनाचं सांगतीस! पुस्तकातलं वाच!" मोहूनं दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले आणि रडायला लागली. दिवसभर रडली नव्हती. उद्या जायचंय म्हणून सांगितलं तेव्हाही नाही. आता पानांसाठी म्हणून रडत होती आणि थांबत नव्हती. सुगंधा तिचे हात कानांवरून काढायचा प्रयत्न करत राहिली, पुन्हा पुन्हा तेच एक वाक्य सुरू करत राहिली, ती पोरगी नदीवर येती. साडेपाचची घंटा झाली. काळुंखेबाई म्हणाल्या, "चला गं बायांनो." मला बाहेर जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी माझा वर्ग नव्हता. तरी साडेनऊला फाटकापाशी जाऊन उभी राहिले. दहाला मोहू काळुंखेबाईंच्या हाताला धरून बाहेर आली. नवा फ्रॉक, दोन वेण्या, तेल चोपडलेलं. सुगंधाला आतल्या दारापुढे येऊ देत नाहीत. मोहू गाडीत चढायच्या आधी माझ्याजवळ थांबली.

"बाई, पानं घावली का?"

"शोधतेय."

"घावली की धाडा."

"पाठवते," मी म्हणाले.

गाडीचं दार लागलं. काचेआडून ती माझ्याकडे बघत नव्हती. समोर ड्रायव्हर काय करतोय ते बघत होती.

शुक्रवारी मी वर्गाच्या आधी तासभर गेले. सुगंधा स्वयंपाकघराच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले.

"सुगंधा, ती पानं मी फाडली."

तिचा हात थांबला नाही. "ठाव हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? पुस्तक तुमच्याकडंच गेलं हुतं की."

"अगं, शेवट फार वाईट होता. मी आधी वाचलाच नव्हता. खोटं बोलले होते तुला. रविवारी वाचला आणि मला वाटलं, त्या दिवशी तू ते वाचशील, मोहू ऐकेल..."

"म्या वाचला हुता."

मला कळेना. "कधी?"

"म्या रोजचं आदी वाचून ठिवायची, बाई. सकाळी, न्हाणीच्या मागं बसून. मधीच अडले की पोरगी हसायची. तसं वाचता वाचता ऱ्हाववंना, पुढं पुढं गेले. तुम्ही शिवायला न्यायच्या आदल्या हप्त्यातच समदं संपलं हुतं माझं."

"आणि तरी तू तिला ते वाचून दाखवणार होतीस?"

तिनं तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"सा वर्साचं पोर हाय, बाई. वकील म्हणतोय अजून चार-पाच वर्सं. इसरणारच की ती मला. कशी ऱ्हाईल ध्यानात? म्या लई इचार केला हे तिला कसं सांगावं. इसरलीस तरी चालंल, तुझी चूक न्हाई त्यात. आता हे कुठल्या आईच्या तोंडातनं निघंल? म्या रातीची तोंड उघडायची आन् मिटायची." तिनं ताटातले तांदूळ बोटांनी पसरले. "पुस्तकात लिवलेलं हुतं. त्या पोरीला कुणी बोल लावला न्हाई. आईनं पाणी पाजलं आन् जा म्हणाली. तेवढं तिच्या कानावर पडावं एवढंच हुतं माझं. पुस्तकातलं तिला पटायचं."

बाहेर कुणीतरी बादली आपटत होतं.

"मी पत्र लिहिते बालगृहाला," शेवटी मी म्हणाले. "सगळा शेवट लिहून पाठवते. तिथल्या बाई वाचून दाखवतील."

"नको. पुस्तकात कुठंय म्हणंल." तिनं ताट झटकलं. "आता ती तितं मला आठवत बसंल. आन् जमंना झालं की रडंल. जा बाई तुम्ही, वर्गाची येळ झाली."

मी वर्गात गेले. फळ्यावर तारीख लिहिली. हौसाक्का पुस्तक मागायला आली नाही. त्या दिवशी कुणीच आलं नाही.

जानेवारीत मी पोस्टातून बालगृहाला फोन केला. तिथल्या अधीक्षिका म्हणाल्या, मुलगी बरी आहे, जेवते-खाते. सुरुवातीला कसली तरी पानं आली का म्हणून रोज विचारायची. आता विचारायचं थांबलीय. मी सुगंधाला एवढंच सांगितलं की बरी आहे. ती म्हणाली, "बरं." जूनमध्ये माझं तासिकेचं काम संपलं. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्या कुणाला घेतलं. ती कादंबरी मी नंतर दोन-तीन ठिकाणी शोधली. मिळाली नाही.

निकाल लागायला आणखी तीन वर्षं गेली. नवऱ्याला आणि सासूला शिक्षा झाली, सुगंधा सुटली. हे मला वर्तमानपत्रातून कळलं. त्यानंतर आठेक महिन्यांनी एका रविवारी दुपारी दाराची कडी वाजली. बाहेर सुगंधा, आणि तिच्या मागे उंच झालेली, केस बारीक कापलेली मुलगी.

"बाईंच्या पाया पड, मोहू."

ती पडली. सफाईनं, शिकवल्यासारखी. मी तिला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि चहा टाकायला आत गेले. सुगंधा मागोमाग आली. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला लागली होती. एक खोली घेतली होती. बालगृहाचे कागद व्हायला वेळ लागला, पण झाले एकदाचे.

"तिला काही आठवतं?" मी विचारलं.

"काय न्हाई. बराक न्हाई, हौसाक्का न्हाई. म्या तिला सांगितलंय, शाळेत हुते म्हणून. लांबच्या." ती दाराकडे बघून आवाज खाली आणून म्हणाली, "लई गुणाची हाय. सांगितलं ते ऐकती, भांडी घासती. पण मला 'तुम्ही' म्हणती, बाई. चार म्हैनं झालं. 'आई, तुम्ही जेवला का,' असं. शेजारच्या बाया म्हणत्यात, किती चांगलं वळण हाय."

चहा उतू जायला लागला. तिनंच पुढे होऊन गॅस बारीक केला.

आम्ही बाहेर आलो. मोहू माझ्या पुस्तकांच्या मांडणीसमोर उभी होती, हात पाठीमागे बांधून.

"तुम्हीच आईंच्या शाळेतल्या बाई ना?"

मी सुगंधाकडे पाहिलं. ती कपबश्या मांडत होती.

"हो," मी म्हणाले.

"आई वर्गात काय वाचायच्या?"

आयुष्यभर लोकांना काय वाचावं ते सांगत आले होते. त्या मुलीला मी एका पुस्तकाचं नाव सांगू शकले नाही. ती वाट बघत राहिली, तोंडावर ओळखीचं काही नाही, नुसती सभ्य उत्सुकता.

"किती परश्न इचारतीस गं," सुगंधा म्हणाली. "चहा घे. निवतोय."

"हो, आई," मोहू म्हणाली आणि बशी दोन्ही हातांनी आईपुढे धरली. "आधी तुम्ही घ्या."